अकरा नंबरची बरणी

१२ जानेवारी, मंगळवार

ग्वेंडा आली होती. गावच्या प्रदर्शनाची सगळी व्यवस्था तिच्याकडे असते, त्यामुळे जानेवारीत ती दारात उभी राहिली की काहीतरी मागायलाच आलेली असते. जॅमच्या परीक्षक बाई दरवर्षी ओमारूहून येतात. त्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडून बसल्या. तेव्हा या वर्षी परीक्षण मी करावं.

"म्हणजे मला माझा जॅम मांडता येणार नाही," मी म्हटलं.

"बावीस वर्षं पहिलं बक्षीस नेतेस, नोलीन. एक वर्ष दुसऱ्या कुणाला घेऊ दे. बायका चर्चमध्ये तुझा पाय मुरगळावा म्हणून प्रार्थना करतात, ठाऊक आहे?"

मी आढेवेढे घेतले, पण मनातून खूश होते. ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. कोलबर्नमध्ये जॅम म्हणजे काय हे मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही.

मग ग्वेंडाने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "रेविनचं तुझ्या कानावर..." तिने नाव काढताच मी पर्स उचलली. घर माझंच आहे हे पर्स उचलल्यावर लक्षात आलं. मग मला दुकानात जायचंय म्हणून सांगितलं आणि खरोखरच जाऊन आले. नको असलेली काडेपेटी आणली.

रेविन माझी धाकटी बहीण. नदीपलीकडे, आईच्या घरात राहते. सात वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

प्रदर्शनात नाही तर नाही, घरात जॅम हवाच. रस्त्याकडेच्या टपरीवरून सहा किलो जर्दाळू आणले. मूरपार्क जातीचेच, पण नव्या बागेतले. गोड आहेत, एवढंच. अर्धे पिकलेले, अर्धे जरा हिरवट घेतले, कारण नुसती पिकली फळं घेतली तर जॅम आळत नाही. हे मी गावच्या महिला मंडळातल्या नव्या मुलींना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी त्या पातळ सरबत घेऊन येतात.

आधी फळ नुसत्या पाण्यात मऊ शिजवलं. मग फळाइतकीच साखर घातली आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत आच वाढवली नाही. नंतर मात्र मोठा जाळ आणि हातात लांब दांड्याचा चमचा. त्या वेळी फोन वाजला तरी पातेलं सोडायचं नाही, कारण जर्दाळू बघता बघता तळाला लागतो. थंड बशीवर थेंब टाकला, बोटाने ढकलला, सुरकुती आली. ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्या काठोकाठ भरल्या. प्रत्येकीत तीन गर. आई बिया फोडून आतले गर सोलायची आणि मोजून तीन घालायची. दोन का नाहीत, असं विचारलं तर म्हणायची, "दोन असले की भांडतात."

बरण्या पुसताना रेविनची गाडी पुलावरून ड्युनेडिनकडे जाताना दिसली. नोव्हेंबरपासून दर आठ-पंधरा दिवसांनी हेच चाललंय. गाडी मरी चालवतो, तिचा नवरा, आणि ही शेजारी डोक्यावर लोकरीची टोपी घालून बसते. जानेवारीच्या एवढ्या भर उन्हाळ्यात! बाईसाहेबांना दुकानं फिरायची असतील. आईच्या घरात राहूनही आपल्या गावात तिला कधी करमलंच नाही.

२५ जानेवारी, सोमवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर जर्दाळूचं खोकं. लाकडी, एका बाजूला निळा रंग. ते खोकं मी ओळखते. वडील त्यात सफरचंदं भरायचे. चिठ्ठी नाही, काही नाही.

मला इतका राग आला की चहा कडू लागला.

सात वर्षांपूर्वी मी लेकीकडे इन्व्हरकारगिलला गेले होते. तीन आठवड्यांनी परत आले तर आईचं झाड जागेवर नव्हतं, नुसता बुंधा. आईने लग्न झालं त्या वर्षी लावलेला मूरपार्क! आम्ही दोघी त्याच्याखाली वाढलो. मरी म्हणाला, खोड पोखरलं होतं, छपरावर पडलं असतं. असेल. पण मला विचारलं नाही. एक फोन केला असता तर मी रात्रीची निघून आले असते, त्याला टेकू लावला असता, काहीही केलं असतं. रेविन काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी म्हटलं, आता या घरातला घास मी तोंडात घालणार नाही. तिचे फोन आले, मी ठेवून दिले. तिचं पत्र आलं, न फोडता परत पाठवलं.

आणि आता हे खोकं. कुठल्या तरी बागेतून विकत घेतलेले जर्दाळू वडिलांच्या खोक्यात भरले की झालं, असं तिला वाटतं.

२६ जानेवारी, मंगळवार

जसं आलं तसं परत नेऊन ठेवलं. त्यांच्या फाटकाशी, पत्रपेटीखाली. घरी कुणी नव्हतं. म्हातारा कुत्रा मात्र मला बघून शेपटी हलवत आला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आज उन्हाने कहर केला. पोस्टाबाहेरच्या पाटीवर चौतीस अंश.

११ फेब्रुवारी, गुरुवार

ग्वेंडाचा फोन. जॅमच्या सतरा बरण्यांची नावं आली आहेत. म्हणाली, "एकीने फोन करून विचारलं, परीक्षकाला प्रत्येक बरणी चाखावीच लागते का? की नुसतं बघून बाद करता येतं?"

"कोण ही?"

"नाव सांगता येत नाही, तू परीक्षक आहेस." तिचा आवाज जरा विचित्र होता.

"सांग तिला, प्रत्येक बरणी चाखावीच लागते. सरबत असलं तरी." असल्या नवशिक्या असतात. आपला जॅम कुणी चाखेल की नाही याचीच धास्ती! मला बराच वेळ हसू येत होतं.

४ मार्च, शुक्रवार

परीक्षण झालं. दार बंद, आत मी आणि लिहून घ्यायला ग्वेंडा. बरण्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. सतरापैकी पाच पातळ, दोन साखर झालेल्या, एकीच्या झाकणावर चक्क दुकानाची जाहिरात. पहिलं बक्षीस चार नंबरला. माझ्याइतका नाही, पण नेटका जॅम.

अकरा नंबरचं मात्र डोक्यातून जात नाही. रंग काळपट, झाकण उघडताच करपल्याचा वास. तळाला लागलेलं पातेलं तसंच खरवडून भरलेलं. मी नाक मुरडून चमचा तोंडात घातला. आधी करपट चव आली. मग तिच्या मागून हळूच दुसरं काहीतरी आलं, आंबट, जरा मधासारखं, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. करपटाने आलं असेल. मी दुसरा चमचा घेतला. परीक्षकाने एकच घ्यायचा असतो. ग्वेंडा माझ्याकडे बघत होती.

"एवढं सुंदर फळ," मी म्हटलं, "कुठल्या तरी जुन्या झाडाचं असणार. आणि या बाईने त्याचं काय करून ठेवलंय!"

"शेऱ्याचं कार्ड जरा सौम्य लिही, नोलीन."

"सौम्य लिहून कुणी शिकत नाही."

मी लिहिलं: 'फळ अव्वल. करणारीच्या हातून वाया गेलं. तोडल्यावर दोन-तीन दिवस उन्हात ठेवलेलं दिसतं, हे अक्षम्य आहे. जॅम करपल्याचं कळलं नसेल, तर निदान चव घेऊन बघण्याचे कष्ट घ्यावेत.' खाली सही.

ग्वेंडाने कार्ड घेतलं आणि काहीतरी बोलणार होती. मी पुढची बरणी उघडली.

५ मार्च, शनिवार

बरण्यांपुढे नावं लावली तेव्हा मी चहाच्या तंबूत होते. कुणीतरी चार नंबरवालीचं कौतुक करत होतं म्हणून बघायला गेले. अकरा नंबरपुढे लिहिलं होतं: रेविन टॅलक.

मला आधी रागच आला. म्हटलं, माझी परीक्षा घ्यायला मुद्दाम घाण करून पाठवलीन. ग्वेंडाला तसं म्हटलंही. तिने मला कोपराला धरून बाजूला नेलं.

"नोलीन, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"सगळ्या कोलबर्नला माहीत आहे. आम्हाला वाटलं तुलाही माहीत आहे आणि तरी तू जात नाहीस. सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही, असं म्हणायचो आम्ही." मग तिने सांगितलं. रेविनच्या पोटात कॅन्सर आहे. नोव्हेंबरपासून ड्युनेडिनच्या रुग्णालयात जातात. औषधांनी केस गेले, तोंडाची चव गेली, वास गेला. फेब्रुवारीत डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं.

"ती सकाळी येऊन गेली," ग्वेंडा म्हणाली. "दार उघडल्या उघडल्या. मरीने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. कार्ड दोनदा वाचलं तिने."

"मग?"

"हसली. आणि कार्ड पिशवीत घालून घेऊन गेली."

मी गाडीत जाऊन बसले. चव घेऊन बघण्याचे कष्ट घ्यावेत.

६ मार्च, रविवार

गेले. कोरं कार्ड आणि पेन पर्समध्ये घेऊन गेले, यावरून माझ्या अकलेची कल्पना येईल.

दार मरीने उघडलं. वाळलाय. म्हणाला, "पाय पुसून ये, ती ओरडते."

स्वयंपाकघरात खिडकीपाशी आईच्या खुर्चीत रेविन होती. टोपी, दोन शाली, आणि आत जवळजवळ कुणीच नाही. माझी बहीण घोड्यासारखी दणकट होती. लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन नदी ओलांडायची, मी मोठी असून.

"आलात का, परीक्षक बाई?" आवाज तेवढा तिचाच होता.

गाडीत सगळं घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मला माहीत नव्हतं गं."

"ठाऊक आहे. मीच मरीला बजावलं होतं, नोलला सांगायचं नाही. आजारी माणसाला बघायला सगळेच येतात. नको नको ते लोक केक घेऊन येतात. तू तशी यायला नको होतीस मला. झाडावरून भांडलो ना? मग मिटलं तर झाडावरूनच मिटू दे, म्हटलं."

कार्ड खिडकीत औषधांच्या बाटलीला टेकवून ठेवलं होतं. मी हात पुढे केला. "दे ते इकडे. मी दुसरं लिहिते."

"खाडाखोड केलेलं कार्ड बाद. नियम नववा. मंडळात येईल त्याला तूच ऐकवतेस."

"रेविन, मी लिहिलंय की चव घेऊन..."

"बरोबरच लिहिलंयस. मला वास येत नाही, चव लागत नाही. स्टुलावर बसून मरीला सांगत होते, ढवळ, ढवळ. लागला तरी मला कसं कळणार? मरीला म्हटलं, चाखून सांग. हा म्हणतो, झकास. चव्वेचाळीस वर्षांत याला माझ्या हातचं काही वाईट लागलंय?"

"झकासच आहे," मरी मोरीकडे तोंड करून म्हणाला.

"बघ. असल्या माणसाच्या जिवावर कुणी प्रदर्शनात उतरतं का?" ती हसली आणि मग खोकत राहिली. मी पाणी धरलं. खोकला थांबल्यावर तिने कार्ड माझ्या हातात दिलं. "पहिले दोन शब्द मोठ्याने वाच."

"फळ अव्वल."

"आईचं झाड आहे ते, नोल."

मला कळेना. तिने बोटाने मागच्या अंगणाकडे दाखवलं. कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे दोन पुरुष उंचीचं एक झाड उभं होतं. जुनं झाड तोडायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, तिने त्याचे डोळे काढून सात कलमं बांधली होती. सहा मेली, एक धरलं. मी इन्व्हरकारगिलहून आले त्या दिवशी ती मला तेच सांगायला तोंड उघडत होती. पत्रातही तेच होतं. गेल्या वर्षी चार फळं आली, ती पक्ष्यांनी खाल्ली. या वर्षी पहिला खरा बहर.

"पहिलं खोकं तुझ्याकडे पाठवलं," ती म्हणाली. "ड्युनेडिनला निघता निघता मरीने ठेवलं. परत आलो गुरुवारी, तर फाटकाशी."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. चौतीस अंश. कार्डावर 'अक्षम्य' हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सत्तरी ओलांडलेली बाई, तिच्या टेबलावर, नाकाचा आवाज करत. रेविनने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला वजनच नव्हतं.

"या घरातला घास तोंडात घालणार नाही म्हणालीस," ती म्हणाली. "मी विचार केला, आता हिला खायला घालायचं कसं? मग कळलं, परीक्षक तूच. परीक्षकाला प्रत्येक बरणी चाखावीच लागते. ग्वेंडाला फोन करून खात्री करून घेतली मी." मग डोळे मिचकावून म्हणाली, "दोन चमचे घेतलेस म्हणे."

१७ मार्च, गुरुवार

रोज जाते. तिला दोन घोट पाण्यापलीकडे काही जात नाही. पण मी गेले की ती मरीला बरणी काढायला लावते. तिने जॅम केला तेव्हा चार बरण्या झाल्या होत्या, प्रदर्शनातली सोडून तीन घरात आहेत. मला टोस्टवर लावून खायचा असतो आणि चव तिला सांगायची असते.

"आज काय लागलं?"

"करपट."

"मेली खोडच तुझी. आणि त्याच्या मागे?"

"आंबट. साल जरा कडवट. मग गोड, पण लगेच नाही, थांबून."

"थांबून," ती डोळे मिटून म्हणाली. "हो. तसंच होतं ते."

बावीस वर्षं बक्षिसं घेतली, पण जॅमची चव शब्दांत सांगायला मी आत्ता शिकतेय.

९ एप्रिल, शनिवार

शरद आला, पॉप्लरची झाडं पिवळी झाली. दुसरी बरणी संपली. आज ती फारशी जागी नव्हती. मी तरी टोस्ट खाल्ला आणि सांगितलं. शेवटी ओठ हलले, म्हणून कान जवळ नेला.

"गर घालायचे राहिले," म्हणाली. "बिया फोडायला हातात जोर नव्हता."

मी म्हटलं, बरं झालं, गर नव्हते म्हणून मला ओळखू आलं नाही. ओळखलं असतं तर मी चाखलाच नसता. हे खरं आहे आणि हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

२१ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहाला मरीचा फोन आला. गेली.

२७ एप्रिल, बुधवार

मातीनंतर सभागृहात चहा होता. बायकांनी स्कोनचे छोटे पाव आणले, साय आणली. मरीने शेवटची बरणी आणून टेबलावर ठेवली. बिचाऱ्याला वाटलं, सगळ्यांनी चाखावी. मी ती सगळ्यांदेखत उचलली आणि पर्समध्ये घातली. कोण काय म्हणेल ते म्हणो. ग्वेंडाने घाईघाईने दुकानातला स्ट्रॉबेरीचा जॅम मांडला.

३ जून, शुक्रवार

रोज अर्धा चमचा घेत होते. आज गरम पाणी घालून बरणी खळबळली आणि ते पाणी प्यायले.

२४ जानेवारी, मंगळवार

सात महिने वहीला हात लावला नव्हता.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर वडिलांचं खोकं. चिठ्ठी नाही. मरीची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. खोकं उचलून तडक आत आणलं, उन्हाचा एक कवडसा लागू दिला नाही. अर्धी फळं पिकलेली, अर्धी जरा हिरवट. मरीला कुणी शिकवलं असेल, ते सांगायला नको.

दुपारपर्यंत जॅम झाला. पातेल्यापासून हलले नाही. बशीवर सुरकुती पहिल्याच थेंबाला आली. रंग असा की मांडला तर तेविसावं बक्षीस कुणी अडवू शकणार नाही. बिया फोडल्या, गर सोलले, बरणीत तीन-तीन घातले. मग एक चमचा तोंडात घातला, आणि सवयीने लगेच बोलायला लागले, "आंबट, साल जरा कडवट, मग..." समोर कुणी नव्हतं.

रेविनच्या जॅमपेक्षा हा दहापटीने सरस आहे. मला तो करपलेला हवा आहे.